कुलूप आपले, किल्ली कोणाकडे?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला त्याने नदीकाठची सोयाबीन आणि कपाशी उभीच्या उभी पाण्याखाली नेली. परभणी जिल्ह्यातील नुकसानीची वर्णने वृत्तपत्रांतून येऊन गेली आहेत. ती येथे पुन्हा देण्याचे प्रयोजन नाही. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा केली. ही मदत हाती येण्याच्या वाटेवर शेतकऱ्याला स्वतः काय काय द्यावे लागते, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. आधार क्रमांक, सातबारा, बँकेचे खाते, मोबाईलवर येणारा ओटीपी, अंगठ्याचा ठसा, शेतकरी ओळख क्रमांक. यांपैकी काही ना काही दिल्यावाचून शासनाचा रुपया हलत नाही. कापूस वेचून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचा अंगठा यंत्राला लागत नाही आणि त्यांना पुन्हा दुसऱ्या दिवशी तालुक्याला यावे लागते, हे परभणी, जिंतूर, सेलू वा गंगाखेडच्या कोणत्याही भाविकाला सांगावे लागणार नाही.

आधार क्रमांकाचा प्रारंभ आपल्याच राज्यात झाला. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिले आधार क्रमांक देण्यात आले. त्यानंतरच्या वर्षांत शिधापत्रिका, बँक खाते, शिष्यवृत्ती, गॅसची सवलत असे एकेक खाते या क्रमांकाला जोडले गेले. १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य झाला. त्यायोगे माणूस आणि त्याची जमीन एकाच नोंदीत आली. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या भगिनींना सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसीची अट घालण्यात आली, आणि त्यांच्या पतीची किंवा वडिलांची माहितीही त्या नोंदीशी जोडली गेली. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. या लोकांपैकी जवळजवळ प्रत्येकाच्या आयुष्याचा काही भाग आज कोठल्या तरी संगणकात साठवलेला आहे.

तो संगणक कोणाचा आहे? येथूनच आमच्या विषयास आरंभ होतो. विषय थोडा तांत्रिक आहे. धर्मप्रांताच्या पानावर त्याचे काय काम, असे काही वाचक विचारतील. पोप लिओ चौदावे यांनी ८ मे २०२५ रोजी निवड झाल्यानंतर दोनच दिवसांत कार्डिनलांसमोर आपल्या नावाचे कारण सांगितले: तेराव्या लिओंनी पहिल्या औद्योगिक क्रांतीच्या वेळी कामगारांचा प्रश्न हाती घेतला, तसा आज कृत्रिम बुद्धिमत्तेने उभा केलेला प्रश्न ख्रिस्तसभेसमोर आहे. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या ‘आंतिक्वा एत नोव्हा’ या पत्रकातही व्यक्तीचे खाजगीपण आणि पाळत यांचा स्वतंत्र विचार आहे. ख्रिस्तसभा या गोष्टींकडे पाहू लागली आहे. आपणही पाहावयास हरकत नाही.

‘क्लाऊड’ म्हणजे ढग, परंतु या ढगाला भक्कम भिंती असतात. सरकारी खाते, बँक, रुग्णालय किंवा एखादी कंपनी आपली माहिती स्वतःच्या कचेरीत न ठेवता मोठ्या कंपन्यांच्या संगणकगृहात भाड्याने जागा घेऊन ठेवते, इतकाच त्याचा अर्थ. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे व मुंबई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत अशी केंद्रे सुरू केली. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये क्लाऊड धोरण जाहीर करून आपल्या खात्यांना या मार्गाने जाण्यास सांगितले. खर्चाच्या दृष्टीने यात गैर काही नाही. प्रत्येक खात्याने स्वतःचे यंत्र विकत घेऊन धूळ खात ठेवण्यापेक्षा हे बरे.

या संगणकगृहात एकाच मोठ्या यंत्रावर अनेक भाडेकरू राहतात. प्रत्येकाला वाटते की आपल्याला स्वतंत्र संगणक मिळाला आहे. प्रत्यक्षात तो सॉफ्टवेअरने निर्माण केलेला आभास असतो. त्यास आभासी यंत्र किंवा व्हर्च्युअल मशीन म्हणतात. जुन्या वाड्याचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. मालक एक, खोल्या अनेक, प्रत्येक खोलीत एक बिऱ्हाड. खोल्यांची वाटणी, पाणी, दिवाबत्ती हे सर्व मालकाचा कारभारी पाहतो. या कारभाऱ्यास संगणकाच्या भाषेत हायपरव्हायजर म्हणतात. त्याच्याजवळ प्रत्येक खोलीची दुसरी किल्ली असते.

भाडेकरू शहाणा असेल तर तो आपली कागदपत्रे ट्रंकेत कुलूपबंद ठेवतो आणि बाहेर पाठवायची तर मोहोरबंद लिफाफ्यात पाठवतो. साठवलेली माहिती आणि प्रवासातील माहिती कूटबद्ध करण्याची ही रीत आता सर्वत्र रूढ झाली आहे. परंतु काम करावयाचे तर ट्रंक उघडावीच लागते. हिशेब करताना कागद जमिनीवर पसरलेले असतात आणि त्या वेळी दुसरी किल्ली असलेला माणूस आत डोकावला तर त्याला सर्व काही दिसते. संगणकात ही जमीन म्हणजे यंत्राची मेमरी. तेथे माहिती वापरली जात असताना ती उघडीच असे. कारभारी प्रामाणिक असेल, बहुधा असतोच. पण त्याच्या हाताखालचा एखादा नोकर, त्याच्या यंत्रणेत शिरलेला चोर, किंवा मालकावर हुकूम बजावणारे एखादे सरकार यांच्याविरुद्ध भाडेकरूजवळ उपाय नव्हता. अमेरिकेने २०१८ मध्ये केलेल्या क्लाऊड कायद्यानुसार तेथील कंपन्यांना परदेशात साठवलेली माहितीही रीतसर आदेशाने सादर करावी लागू शकते. म्हणजे माहिती मुंबईत आहे एवढ्याने प्रश्न संपत नाही.

गोपनीय आभासी यंत्र हा या उणिवेवरचा उपाय आहे. चिप बनवणाऱ्या एएमडी कंपनीने २०१६ मध्ये पहिल्यांदा अशी सोय जाहीर केली की प्रत्येक आभासी यंत्राची मेमरी निराळ्या किल्लीने कूटबद्ध राहील, आणि ती किल्ली चिपच्या आतल्या एका स्वतंत्र सुरक्षा-प्रोसेसरमध्ये राहील. कारभाऱ्याच्या हाती ती कधीच पडणार नाही. कारभाऱ्याने खोलीत डोकावले तरी त्याला निरर्थक अक्षरेच दिसावीत, असा हा बेत. पुढे या व्यवस्थेत सुधारणा होत गेल्या. २०२० मध्ये मांडलेल्या एसईव्ही-एसएनपी या रूपात मालकाला आतील मेमरी गुपचूप बदलता येऊ नये याचीही तजवीज झाली. इंटेलने टीडीएक्स या नावाने आपली व्यवस्था आणली, आर्मने २०२१ मध्ये आपली मांडली. गुगलने २०२० पासून अशी यंत्रे भाड्याने देण्यास आरंभ केला. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन मागून आले.

या व्यवस्थेतील दुसरी गोष्ट आम्हाला अधिक मोलाची वाटते. आपले यंत्र खरोखर बंद खोलीत चालले आहे, त्यात सांगितलेलेच सॉफ्टवेअर आहे, याचा दाखला चिप स्वतः सही करून देते. भाडेकरू दूर बसून तो दाखला तपासतो आणि तो जुळला तरच आपल्या ट्रंकेची किल्ली पाठवतो. स्नानसंस्काराच्या दाखल्यावर धर्मग्रामाचा शिक्का आणि फादरांची सही पाहिल्याखेरीज दुसऱ्या धर्मग्रामातील फादर विवाहाची तयारी पुढे नेत नाहीत, तसेच हे.

इतके झाले तरी एक अडचण उरली. बिऱ्हाडाला नुसती बंद खोली पुरत नाही. त्यास काही सेवा लागतात. संगणकात टीपीएम नावाचा एक छोटा भाग असतो. यंत्र सुरू होताना काय काय चालू झाले याची तो नोंद ठेवतो व किल्ल्या सांभाळतो. आभासी यंत्राला तसा आभासी टीपीएम लागतो. तो आजवर कोण पुरवीत असे? तोच कारभारी! ज्याच्या नजरेपासून वाचण्यासाठी भिंती अपारदर्शक केल्या, त्याच्याच मुनिमाकडे किल्ल्यांचा जुडगा आणि साक्षीचे काम सोपवावयाचे, हा विनोदच होता.

एसएनपीच्या रचनेत खोलीच्या आतच चार पायऱ्या ठेवलेल्या आहेत, शून्यापासून तीनपर्यंत. शून्य ही सर्वांत अधिकाराची. या शून्याच्या पायरीवर एक लहानसे सॉफ्टवेअर बसवावे, बिऱ्हाडाची नेहमीची कार्यप्रणाली त्याखालच्या पायरीवर चालावी, आणि आभासी टीपीएमसारख्या नाजूक सेवा या आतल्या सेवकाने द्याव्यात, अशी कल्पना पुढे आली. हा सेवक मालकाचा नसतो. तो खोलीच्या आतच राहतो, आणि चिपच्या दाखल्यात त्याचीही नोंद असते. याला सिक्युअर व्हीएम सर्व्हिस मॉड्यूल, थोडक्यात एसव्हीएसएम म्हणतात. एएमडीने २०२२ मध्ये त्याचा नमुना प्रसिद्ध केला. मार्च २०२३ मध्ये सुसे या लिनक्स कंपनीने कोकोनट-एसव्हीएसएम हा प्रकल्प सर्वांसाठी खुला केला. पुढे एएमडीनेही आपला वेगळा नमुना न चालवता याच प्रकल्पात हातभार लावण्याचे ठरवले. रेड हॅट, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, गुगल, इंटेल अशा एरवी बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे अभियंते त्यात भाग घेतात. २०२४ मध्ये लिनक्सच्या मुख्य गाभ्याला अशा सेवकाच्या देखरेखीखाली चालता येऊ लागले, आणि त्याच वर्षी हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील ‘कॉन्फिडेन्शिअल कॉम्प्युटिंग कन्सॉर्शियम’ या मंडळात दाखल झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ओपनएचसीएल’ नावाचा याच जातीचा आपला सेवकही खुला केला. कोकोनट रस्ट या संगणकभाषेत लिहिले आहे. मेमरीच्या हाताळणीत होणाऱ्या नेहमीच्या चुका ही भाषा मुळातच रोखते, म्हणून तिची निवड. त्याचे काम अद्याप चालू आहे. यंत्र बंद झाल्यावरही टीपीएममधील किल्ल्या सुरक्षितपणे टिकवून ठेवणे ही त्यातील एक कठीण गाठ होती. (आमच्या परभणीला नारळ दुरून ट्रकनेच येतात, हाही तसाच दुरून आला आहे. कवच कठीण आणि आतले गोड की कसे, ते फोडल्याशिवाय कळत नाही, आणि मुक्तस्रोत असल्याने हा नारळ कोणालाही फोडून पाहता येतो.)

मुक्तस्रोत म्हणजे ओपन सोर्स. सॉफ्टवेअर कसे लिहिले आहे ते कोणालाही वाचता येते, तपासता येते, त्यातून स्वतःची प्रत तयार करता येते. गुप्तता राखणाऱ्या वस्तूची रचना जगजाहीर करावी, हे प्रथम ऐकताना उलटे वाटते. परंतु ऑगस्ट केर्कहॉफ्स या डच भाषापंडिताने १८८३ मध्येच लष्करी गुप्तलेखनाविषयी लिहिताना दाखवून दिले होते की रचना शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशीच ती असावी, गुप्त राहावी ती केवळ किल्ली. आपल्या ख्रिस्तसभेला ही गोष्ट नवी नाही. पापनिवेदनात जे ऐकले ते फादर कोणत्याही कारणासाठी बाहेर सांगू शकत नाहीत. कॅनन ९८३ ने ही मोहोर अभंग ठेवली आहे. पण त्या संस्काराचा विधी, त्याचे नियम, त्याचा भंग झाल्यास होणारी शिक्षा हे सर्व छापील आहे, कोणीही वाचावे. तसेच विवाहाची घोषणा भर मिस्सात होते, कोणाला अडसर ठाऊक असेल तर त्याने सांगावे म्हणून. आत काय आहे ते झाकलेले आणि व्यवस्था कशी आहे ते उघडे, हा मेळ आपल्याकडे पुरातन आहे.

कॅनन ४९० तर आमच्या विषयाच्या फारच जवळ येतो. धर्मप्रांताच्या कचेरीतील गुप्त कागदपत्रांच्या स्वतंत्र दप्तराची किल्ली केवळ बिशपांजवळ असावी, असे तो सांगतो. बिशपपद रिक्त असेल तेव्हा खरोखर निकड असल्याखेरीज ते उघडावयाचे नाही, आणि उघडावयाचे तर धर्मप्रांताच्या प्रशासकाने स्वतःच. त्याच्या आधीच्या कॅननात आणखी एक शहाणपण आहे: नैतिक गुन्ह्यांच्या ज्या खटल्यांतील आरोपी मरण पावला, किंवा शिक्षेला दहा वर्षे होऊन गेली, त्याची कागदपत्रे दरवर्षी नष्ट करावीत, थोडक्यात सारांश आणि निकालपत्र तेवढे ठेवावे. अनावश्यक माहिती साठवू नये हे तत्त्व आधुनिक कायद्यांनी मोठ्या डौलाने मांडले आहे. आपल्या संहितेत ते १९८३ मध्येच लिहिलेले आहे.

मात्र या नव्या साधनांविषयी भाबडेपणा नको. डिसेंबर २०२४ मध्ये बेल्जियम, जर्मनी आणि ब्रिटनमधील विद्यापीठांच्या संशोधकांनी ‘बॅडरॅम’ नावाचा हल्ला दाखवला: सुमारे दहा डॉलरच्या साहित्याने मेमरीच्या चिपला आपला आकार खोटा सांगावयास लावून एसएनपीचे संरक्षण त्यांनी भेदले. एएमडीने त्यावर दुरुस्ती दिली. २०२५ मध्ये पन्नास डॉलरहून कमी खर्चाच्या एका जोडपट्टीने पुन्हा तसाच भेद करण्यात आला. तेव्हा यंत्राला प्रत्यक्ष हात लावून केलेले हल्ले आपल्या हमीत बसत नाहीत, अशी कंपन्यांची भूमिका होती. आम्हाला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याच्यापासूनच रक्षण करण्याचे वचन दिले होते, आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याचा हात यंत्राला लागणारच. दूरवरच्या चोराविरुद्ध व कुतूहल असलेल्या नोकराविरुद्ध ही भिंत भक्कम आहे. वाड्याचा मालकच पहार घेऊन आला तर ती किती टिकेल याचा भरवसा नाही. शिवाय चिप बनवणाऱ्यावर विश्वास ठेवावाच लागतो. एएमडीने २०२३ मध्ये आपल्या सुरक्षा-प्रोसेसरमधील एसईव्ही फर्मवेअरचा स्रोत वाचावयास खुला केला, ही स्वागतार्ह गोष्ट. पण सिलिकॉनच्या आत काय कोरले आहे ते वाचण्याचे साधन भाडेकरूजवळ नाही.

खुलेपणाचीही एक मर्यादा आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या साध्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चोरवाट पेरल्याचे उघड झाले. ते सॉफ्टवेअर एक थकलेला स्वयंसेवक सांभाळीत होता. त्याचा विश्वास संपादन करून हे कृत्य झाले. सर्वांना वाचता येते म्हणून कोणीतरी वाचलेच असेल, असे प्रत्येकाने गृहीत धरले होते. एका अभियंत्याला आपले यंत्र अर्ध्या सेकंदाने मंद का झाले याचा पत्ता लावावासा वाटला, म्हणून ते सापडले. धर्मग्रामाच्या जमाखर्चाचा फलक दारावर लावलेला असतो, पण तो किती जण वाचतात, हे आम्ही जाणतो.

आता परभणीकडे परत येऊ. आपल्या शेतकऱ्याची माहिती जेथे खरोखर गळते ती जागा बहुतेक वेळा मुंबईच्या संगणकगृहात नसते. एक रुपयात पीकविमा ही योजना २०२३ मध्ये सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी तिच्यात लाखो अर्ज बोगस निघाल्याचे मान्य केले. दुसऱ्याच्या शेतावर, सरकारी जमिनीवर, देवस्थानच्या जमिनीवर विमा उतरवल्याची प्रकरणे बाहेर आली. शेजारच्या बीड जिल्ह्याचे नाव सर्वांत अधिक गाजले आणि सामाईक सेवा केंद्रांवर कारवाई झाली. २०२५ च्या खरिपापासून ती एक रुपयाची योजना बंद झाली आणि प्रामाणिक शेतकऱ्याला पुन्हा आपल्या वाट्याचा हप्ता भरावा लागला. या साऱ्या प्रकारात कोणी मेमरीची कूटलिपी फोडली नव्हती. सातबारा आणि आधारची छायाप्रत ज्याच्या टेबलावर पडून होती, त्याला काहीच फोडावे लागले नाही. चिपने दिलेला दाखला ‘यंत्र शुद्ध आहे’ एवढेच सांगतो; यंत्रात खोटा अर्ज भरणारा हात शुद्ध आहे की नाही, हे त्याला कळत नाही.

मग ही गोपनीय यंत्रे आणि हा नारळ कशाला, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. केंद्रावरील लबाडाच्या हाती पन्नास, शंभर, पाचशे लोकांची कागदपत्रे असतात. संगणकगृहातील एक भोक संपूर्ण राज्याची यादी बाहेर काढते. पहिल्या चोरीत माणसे लुबाडली जातात, आणि दुसरीत माणसांची वर्गवारी करता येते: कोणाची जमीन किती, कोण विधवा, कोण कर्जात, कोण कोणत्या समाजाचा. आपण अल्पसंख्य आहोत, म्हणून हा शेवटचा रकाना आपल्याला अधिक जपून पाहावा लागतो.

मराठवाड्यातील आपल्या कुटुंबांचा मोठा भाग समाजाने ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्यांच्यातून आलेला आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आरंभी मुख्यतः हिंदू धर्मीयांचा समावेश होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. पुदुच्चेरीतील एका महिलेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र नाकारले, तेव्हा तिच्या स्नानसंस्काराची नोंद पुराव्यांपैकी एक होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा सुचवण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की हिंदू, बौद्ध व शीख यांखेरीज अन्य धर्मीयांनी मिळवलेली अनुसूचित जातीची प्रमाणपत्रे रद्द केली जातील. या धोरणांच्या न्याय्यतेविषयी आम्ही अन्यत्र लिहिले आहे. येथे एवढेच नोंदवतो की धर्मग्रामाची स्नानसंस्काराची नोंदवही ही आता केवळ संस्कारांची वही राहिलेली नाही. न्यायालयाने रीतसर मागितल्यास एखादी नोंद देणे हे आपले कर्तव्य आहे आणि नोंदवहीत फेरफार करणे हे पाप आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण एका नोंदीसाठी आलेला आदेश आणि संपूर्ण वहीची नक्कल कोणाच्या तरी यंत्रावर कायमची पडून राहणे या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

कॅनन ५३५ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामाला स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवाव्या लागतात, आणि कॅनन २२० प्रमाणे कोणाच्याही खाजगीपणाच्या हक्काला इजा करता येत नाही. ठिकठिकाणी या वह्या संगणकात उतरवण्याचे काम सुरू आहे. वाळवीने आणि ओलीने खाल्लेली पाने पाहिल्यावर त्या उत्साहाचे कारण कळते. पण ही माहिती कोठे जाते? कोठे तरी एक्सेलची फाईल फुकटच्या ई-मेलमध्ये, कोठे तरी व्हॉट्सॲपवर फिरणारी छायाचित्रे, कोठे तरी स्वस्तात सॉफ्टवेअर करून देणाऱ्या ठेकेदाराच्या क्लाऊड खात्यात. जे सरकारी खात्यांच्या बाबतीत आम्ही विचारले तेच येथे विचारले पाहिजे.

कायदाही आता विचारणार आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. कागदावरच्या नोंदवहीला हा कायदा लागू नाही. ती ज्या दिवशी स्कॅन होते, त्या दिवशी लागू होतो. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. धर्म किंवा जात यांसारख्या नाजूक माहितीसाठी या कायद्यात वेगळा, अधिक कडक वर्ग नाही, आणि शासनाला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देता येते. ही आमच्या मते त्याची दुबळी बाजू आहे. त्यामुळेच आपले आपण केलेले रक्षण अधिक महत्त्वाचे ठरते.

गोपनीयतेचा एक गैरवापरही असतो, आणि त्याविषयी मौन पाळणे आम्हास शोभणार नाही. बालकांवरील अत्याचारांच्या प्रकरणांतील पोपीय गुप्ततेचा नियम पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१९ मध्ये रद्द केला, कारण ती गुप्तता दुर्बलाऐवजी संस्थेचे रक्षण करू लागली होती. तक्रार करणाऱ्या मुलीचे नाव झाकलेले राहिले पाहिजे. तक्रार झाकली जाता कामा नये. संगणकातील बंद खोलीच्या आत काय चालते यावरही हीच कसोटी लागते, आणि म्हणून त्या खोलीतील सेवकाचा स्रोत खुला असणे आम्हास नुसत्या तांत्रिक सोयीहून मोठे वाटते.

धर्मप्रांताच्या कचेरीने, आणि शाळा व दवाखाने चालवणाऱ्या आपल्या संस्थांनी, ठेकेदाराशी करार करण्यापूर्वी काही गोष्टी लेखी विचाराव्यात असे आम्ही सुचवतो. माहिती कोणाच्या यंत्रावर राहील? ती वापरात असताना मेमरीत कूटबद्ध राहते काय? तसा चिपचा दाखला आम्हाला किंवा आम्ही नेमलेल्या तज्ज्ञाला तपासता येईल काय? आतल्या सेवकाचे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे काय? ट्रंकेची किल्ली आमच्याजवळ राहील की तुमच्याजवळ? करार संपल्यावर प्रती नष्ट केल्याचा पुरावा काय द्याल? लहान ठेकेदारांना यांतील निम्म्या प्रश्नांचा अर्थही विचारावा लागेल, त्याला इलाज नाही. अभियांत्रिकी शिकलेले तरुण आपल्या धर्मग्रामांत आहेत, त्यांनी फादरांजवळ बसून उत्तरे वाचून द्यावीत. प्रत्येक धर्मग्रामाला गोपनीय आभासी यंत्रच हवे असे नाही. जेथे दोनशे कुटुंबे आहेत तेथे इंटरनेटला न जोडलेला एक संगणक, त्याची कूटबद्ध प्रत आणि कुलपाचे कपाट पुरेसे आहे. सर्व धर्मग्रामांच्या वह्या एकत्र करून एकाच ठिकाणी ठेवावयाच्या असतील, तर मात्र वरील प्रश्नांवाचून पुढे जाऊ नये.

समाधानकारक लेखी उत्तरे येईपर्यंत जुन्या नोंदवह्यांचे सामुदायिक स्कॅनिंग थांबवावे, असे आमचे मत आहे. विवाहासाठी वा शाळेसाठी ज्यांना दाखला हवा असेल त्यांना तो तोवर वही पाहून हातानेच लिहून देता येईल.